ठरलेली कथा की निवडीची कथा: ‘फायनल फँटसी ७’ आणि ‘द विचर २’

‘फायनल फँटसी ७’ (१९९७) या व्हिडिओ गेममध्ये एरिथ या सोबती पात्राचा मृत्यू टळत नाही. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती जाते, तुम्ही काहीही करा. तो क्षण कधी येणार हे लेखकांना पक्कं ठाऊक, म्हणून संगीत, कॅमेरा, आधीची जवळीक सगळं त्याच दिशेने रचता आलं. शिवाय तिची वाढवलेली लेव्हल, सगळ्यांना बरं करणारे लिमिट ब्रेक (लढाईतल्या खास चाली), ही मेहनतही तिच्याबरोबर जाते. ती पोकळी पुढच्या लढायांतही जाणवते, आणि सरळ कथेची खरी ताकद मला इथेच दिसते.

‘द विचर २’ (२०११) हा गेम पहिल्या प्रकरणाच्या शेवटी विचारतो: रोश की योर्वेथ, या दोन विरोधकांपैकी साथ कोणाला? त्यावरून दुसरं प्रकरण कैडवेन राज्याच्या छावणीत किंवा व्हर्गेन शहरात घडतं. म्हणजे एकदाच खेळणाऱ्याला बराच मजकूर दिसतच नाही. इतका खर्च फार थोडे स्टुडिओ करतात. दोन पर्यायांचे दहा निर्णय पूर्ण वेगळे ठेवले, तर १,०२४ वाटा होतात. म्हणून फांद्या लवकरच मूळ कथेला जोडतात आणि निर्णय फक्त व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅममधल्या नोंदीच्या जागेत) नोंदवतात. पुढचा एखादा संवाद ती नोंद तपासायला विसरला, की मेलेल्या पात्राबद्दल लोक ते जिवंत असल्यासारखे बोलतात.

निर्णयाचा परिणाम लगेच दाखवू नये. दाखवला, तर खेळाडू जुनी सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) उघडून निवड बदलतो. काही तासांनी आलेला परिणाम मात्र त्याला निभवावाच लागतो.