नऊ मिनिटांची बोट: हाँगकाँगच्या स्टार फेरीविषयी

हाँगकाँगमध्ये आम्ही दोघी बहिणी सहा दिवस होतो आणि त्या सहा दिवसांत आम्ही स्टार फेरीने अकरा वेळा बंदर ओलांडले. त्यांपैकी खरोखर पलीकडे काही काम होते म्हणून केलेल्या फेऱ्या फार तर चार असतील. बाकीच्यांना बोटीत बसण्याखेरीज दुसरे कोणतेही कारण नव्हते. त्यामुळे हे परीक्षण वाहतूक-सेवेचे आहे की विरंगुळ्याचे, असे कोणी विचारले तर मला नेमके उत्तर देता येणार नाही.

कौलून बाजूचे चिम शा चुई आणि हाँगकाँग बेटावरचे सेंट्रल यांच्यामध्ये व्हिक्टोरिया बंदराचे पाणी आहे, आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या या दुमजली बोटी सकाळपासून रात्री उशिरापर्यंत ते ओलांडत असतात. दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी व्यावसायिकाने १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली. बोटींच्या नावांत ‘स्टार’ होताच. १८९८ मध्ये तो कंपनीच्या नावातही आला. आज धावणाऱ्या बहुतेक बोटी १९५० आणि १९६०च्या दशकांत बांधलेल्या आहेत, आणि ‘मॉर्निंग स्टार’, ‘ट्विंकलिंग स्टार’, ‘सेलेस्टियल स्टार’ अशी त्यांची नावे त्यांच्या अंगावर लिहिलेली दिसतात. धक्क्यावर उभे राहून आता कोणती येते याची पैज लावणे हा आमचा रोजचा खेळ झाला होता, आणि त्यात मी सातत्याने हरले.

बोटीत शिरल्यावर पहिली गंमत आसनांची आहे. या बोटींना दोन्ही टोके सारखीच असल्यामुळे पलीकडे पोहोचल्यावर बोट वळत नाही, जे मागचे टोक होते तेच पुढचे होते. आणि म्हणून लाकडी बाकांच्या पाठी इकडून तिकडे ढकलता येतील अशा केलेल्या आहेत. रोजचे प्रवासी आत येतात, एका हाताने पाठ पलटवतात आणि दुसऱ्या हातातला फोन किंवा वर्तमानपत्र न हलवता बसून टाकतात. सगळ्या बोटीत लाकडावर लाकूड आपटल्याचा खट, खट, खट असा आवाज उमटत जातो आणि अर्ध्या मिनिटात सगळे जण एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. बाकांवर छोट्या भोकांनी चांदणीची नक्षी काढली आहे. ती पहिल्या दिवशी माझ्या लक्षातही आली नव्हती. तिसऱ्या दिवशी बोट सुटायची वाट पाहताना बोटांना जाणवली.

दुसरी गोष्ट पाहायची ती धक्क्याला लागतानाची. निळ्या गणवेशातला खलाशी कठड्याशी उभा राहतो, धक्क्यावरचा माणूस लांब काठीच्या आकडीने दोर ओढून घेतो, तो खुंटाला अडकवतो, दोर ताणला जाऊन करकरतो, बोट अंग चोरल्यासारखी धक्क्याला टेकते आणि मग उतरण्याची फळी खाली येते. यात घाई नाही, आरडाओरडा नाही, आणि ते पाहण्यासारखे आहे याची त्या दोघांना काही कल्पना असावी असेही दिसत नाही.

पहिल्या फेरीत मी यातले काहीच पाहिले नाही. मी फोनमधून समोरच्या उंच इमारतींचे चित्रीकरण करत होते, आणि काच, ढग व डोंगर एकत्र मावत नाहीत म्हणून जागा बदलत होते, तेवढ्यात बोट पोहोचलीसुद्धा. बहीण म्हणाली, “ताई, आता घरी जाऊन बघ, आपण कशात बसलो होतो ते.” टोमणा रास्त होता. नऊ-दहा मिनिटांचा प्रवास फार विचित्र लांबीचा असतो: पुस्तक उघडावे इतका मोठा नाही आणि निरोपांना उत्तरे देत काढावा तर संपलेला कळत नाही. दुसऱ्या फेरीपासून फोन पिशवीत गेला.

तुलनेसाठी सांगते की एका संध्याकाळी आम्ही एका खासगी पर्यटन-बोटीचेही तिकीट काढले. भाडे फेरीच्या कित्येक पट होते, ध्वनिवर्धकावरून प्रत्येक इमारतीची माहिती सतत सांगितली जात होती, आणि रात्री आठच्या दिव्यांच्या खेळासाठी सगळे प्रवासी एकाच कठड्याकडे धावल्याने आम्हाला मुख्यतः इतरांचे वर केलेले हात दिसले. पाणी तेच आणि इमारतीही त्याच, पण तिथे आनंद व्हायलाच हवा असे आधीच ठरलेले होते, आणि माझ्या बाबतीत तरी त्यामुळे तो झाला नाही.

फेरीची गरज खरे तर केव्हाच संपली आहे. १९७२ मध्ये बंदराखालून मोटारींसाठी बोगदा झाला, १९८० मध्ये मेट्रो पाण्याखालून पलीकडे गेली, आणि घाई असणाऱ्याने आजही मेट्रोच घ्यावी. त्यातच बंदरात भराव पडत गेल्याने ओलांडायचे पाणीही कमी झाले; सेंट्रलचा जुना धक्का आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा २००६ मध्ये लोकांचा विरोध असतानाही गेला, नवा धक्का पाण्याच्या दिशेने पुढे सरकला. म्हणजे मेट्रो स्थानकापासून चालणे वाढले आणि बोटीतली मिनिटे घटली. या बोटीविषयी इथल्या लोकांचा जीव किती गुंतलेला आहे हे १९६६ मध्येही दिसले होते: पहिल्या वर्गाचे भाडे पाच सेंटनी वाढवण्याच्या प्रस्तावावरून एका तरुणाने धक्क्यावर उपोषण सुरू केले आणि पुढे शहरात काही रात्री दंगल झाली. अर्थात तेव्हा प्रश्न केवळ पाच सेंटचा नव्हता, पण ठिणगी पडली ती इथे.

आम्ही गेलो तेव्हा वरच्या मजल्याचे भाडे कामाच्या दिवशी पाच हाँगकाँग डॉलरच्या आसपास होते, खालच्याचे त्याहून थोडे कमी, आणि शनिवार-रविवारी दोन्ही थोडे जास्त. नाणी चालतात, पण आधी पैसे भरून ठेवलेले तिथले प्रवासाचे ऑक्टोपस कार्ड फाटकावर टेकवून जाणे सोयीचे. वरून देखावा चांगला दिसतो यात वाद नाही. तरी माझे मत खालच्या मजल्याला आहे, कारण तिथे पाणी जवळ असते, इंजिनाची थरथर तळपायांना जाणवते आणि शेजारून मोठे जहाज गेले की त्याची लाट आपल्यालाही हलवून जाते. डिझेलचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी मात्र वरच बसावे. वेळ निवडायची तर दुपारी चारची निवडावी. वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागला की फेऱ्या थांबतात, हेही पावसाळी महिन्यांत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सेंट्रलहून परत निघालो तेव्हा बहिणीने सगळ्यांच्या उलट केले. बाकाची पाठ फिरवली आणि आम्ही मागे पडत जाणाऱ्या किनाऱ्याकडे तोंड करून बसलो. त्यामुळे समोरच्या बाकावरच्या आजी आणि आम्ही अगदी गुडघ्याला गुडघा लागून आमनेसामने आलो. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आमच्या मागच्या कौलूनकडे पाहिले, मग पायाशी ठेवलेली पालेभाजीची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आमच्या पायांना जागा करून दिली.