आगुंब्याच्या जंगल सहलीत आमची झालेली फसवणूक: पैसे भरण्याआधी हे वाचा

कर्नाटकातल्या आगुंब्याचं वर्षावन आणि तिथल्या सुपारी बागायतदारांच्या घरी मुक्काम, अशा सहलीचं एक पत्रक गेल्या हंगामात ठाणे-डोंबिवलीकडच्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. आम्ही त्याच सहलीला गेलो होतो. बावीस जणांचा गट, माणशी 19,500 रुपये. सहल काढणाऱ्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार पोलिसांत आणि ग्राहक आयोगात दाखल आहे, आणि नाव बदलायला त्याला एक दिवसही लागत नाही. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून ती सविस्तर सांगते.

आगुंबे हे ठिकाण शंभर टक्के खरं आहे आणि जाण्यासारखं आहे, हे आधीच सांगते. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं हे छोटं गाव. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सोमेश्वर अभयारण्य लागूनच आहे, आणि नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या अभ्यासासाठी 2005 पासून इथे संशोधन केंद्र चालतं. वाटेत शेकरू दिसतात, नशीब असेल तर सिंहपुच्छ माकडंही. अशा जागेचं नाव घेतलं की निसर्गाची आवड असलेला माणूस हात आखडता घेत नाही. त्यातून पत्रकात लिहिलं होतं की माणशी 2,000 रुपये गावच्या शाळेच्या निधीला जातील आणि 1,500 रुपये वनखात्याची परवानगी आणि वाटाड्यासाठी आहेत. आपले पैसे जंगलाला आणि शेतकऱ्याला जाणार म्हटल्यावर कुणीही घासाघीस केली नाही. त्याने नेमका याच भावनेचा धंदा केला, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे.

पत्रकावर लाल डोळ्यांच्या हिरव्यागार झाडबेडकाचा मोठा फोटो होता. आमच्या गटात बेडकांचे फोटो काढणारे एक काका होते. गाडीत त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा बेडूक मध्य अमेरिकेतला आहे. सह्याद्रीत कुठून येणार?" खाली तीन आकर्षणं लिहिली होती: रात्री चमकणारी बुरशी, किंग कोब्राचं घरटं आणि सुपारीची काढणी. आता हिशोब बघा. ती बुरशी भर पावसाळ्यात, ओल्या कुजक्या लाकडावर चमकते. किंग कोब्राची मादी पाचोळा गोळा करून घरटं करते ते उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. आणि सुपारीची काढणी सुरू होते पाऊस सरल्यावर. या तिन्ही गोष्टी एकाच सहलीत कुणी माईचा लाल दाखवू शकत नाही. रानाचा हंगाम ठाऊक असलेला माणूस असं पत्रक काढणारच नाही.

मत्स्यगंधा एक्सप्रेसने पहाटे उडुपीला उतरलो. पत्रकात "थेट मुक्कामापर्यंत वातानुकूलित मोठी बस" होती. बस आली, पण घाटाच्या पायथ्याला सोमेश्वरला थांबली. आगुंबे घाटात चौदा वळणं आहेत, तीही इतकी आवळ की मोठ्या बसला तिथे बंदी आहे. एसटीसारख्या सरकारी गाड्यासुद्धा तिथे छोट्याच चालतात. ड्रायव्हरला भाडंच सोमेश्वरपर्यंतचं मिळालं होतं आणि हे त्याने लगेच सांगून टाकलं. सोबत आलेला आयोजकाचा माणूस मात्र "अचानक बंदी आली" म्हणत राहिला. वर जायला जीप केल्या, त्याचे पैसे आमच्याकडूनच घेतले. "नंतर वळते करू" म्हणाला. म्हातारी माणसं बरोबर होती, ऊन चढत होतं. कोण वाद घालणार?

खरी गोष्ट उघडी पडली ती मुक्कामाच्या घरी.

माझी वहिनी माहेरची बेळगावची, तिला कानडी अस्खलित येतं. आयोजकाला हे माहीत नव्हतं. निघण्याआधी त्याने सगळ्यांना बजावलं होतं, "यजमानांशी पैशाचं काही बोलू नका, त्यांच्यात तो अपमान समजतात. काही लागलं तर आमच्या माणसाला सांगा." ऐकायला फार सुसंस्कृत वाटतं हे. पण पाहुणा आणि यजमान एकमेकांशी बोललेच नाहीत तर मधल्याने कुणाला काय सांगितलं हे कधीच कळत नाही, त्यासाठी ती सूचना होती.

घरात सुपारीचा ऐन हंगाम चालू होता. ओटीवर दिव्याखाली आठ-दहा बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीपुढे लाकडी बैठकीवर उभं पातं, आणि हिरवी सुपारी त्या पात्यावर दाबून एका झटक्यात साल वेगळं. सोललेली सुपारी मागच्या चुलीवर मोठ्या हंड्यात शिजत होती. त्या लालभडक काढ्याला ते चोगरू म्हणतात, त्यानेच सुपारीला रंग चढतो. तोडलेली सुपारी ठेवून चालत नाही, लवकर सोलून शिजवावीच लागते, नाहीतर माल बिघडतो. म्हणजे या दिवसांत त्या घराला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्यात कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग, पडू नये म्हणून मोरचूद-चुन्याची फवारणी करत जपलेलं पीक शेवटी या काही आठवड्यांवर अवलंबून असतं. आणि अशा घरात आम्ही बावीस जण बॅगा घेऊन उभे.

घरातल्या कर्त्या बाईंनी, अम्मांनी, आम्हाला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बोलल्या काहीच नाहीत, आत गेल्या. वहिनी हात धुवायच्या निमित्ताने मागे गेली तेव्हा त्या सुनेला तांदूळ पुन्हा मोजायला सांगत होत्या. वहिनीने कानडीत विचारलं, "अम्मा, किती माणसं येणार म्हणून सांगितलं होतं?"

"आठ."

मग यजमान आले. वहिनी कानडी बोलते म्हटल्यावर त्यांनी फोन काढून आयोजकाचा मेसेजच दाखवला. आठ पाहुणे, दोन रात्री, जेवणाखाण्यासह माणशी रात्रीला 900 रुपये, आणि आगाऊ म्हणून 3,000 रुपये पाठवलेले. बस, एवढंच. याआधीच्या तुकडीचे पैसेही अजून यायचे होते. "मग तुम्ही हो का म्हणालात?" या प्रश्नावर ते म्हणाले की पाहुणे दारात आले की त्यांना परत कसं पाठवायचं, त्यांनी तर पैसे भरलेले असतात. त्या माणसाने एका बाजूला आमची आस्था विकली आणि दुसऱ्या बाजूला त्यांची लाज. त्या रात्री अम्मांनी बावीस जणांना गरम भात, तंबळी, अप्पेमिडी लोणचं, फणसाचे पापड, सगळं वाढलं. एकाच्याही ताटात कमी पडू दिलं नाही.

सकाळी वहिनी आणि मी गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना निधीबद्दल काहीच माहिती नव्हती. त्या आयोजकाचं नावही त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. बावीस जणांचे 44,000 रुपये शाळेच्या नावाने घेतले गेले होते.

त्याच दिवशी नरसिंह पर्वताची चढाई होती. वनखात्याच्या नाक्यावर रक्षकाने तिकीट मागितलं. कर्नाटक वनखात्याचं 'अरण्य विहार' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे अशा वाटांचं नावानिशी आरक्षण होतं. आयोजकाचा माणूस आधी म्हणाला "बोलणं झालंय", मग म्हणाला "नेटवर्क नाही", मग बाजूला जाऊन त्याने नोटा पुढे केल्या. रक्षकाने त्या घेतल्या नाहीत. उलट आम्हाला हिंदीत नीट समजावलं की बिगरपरवानगी आत गेलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, याच्यावर नाही. रक्षक असा ठाम राहिला म्हणून आम्ही त्या संकटातून वाचलो. परवानगीच्या 33,000 रुपयांची एकही पावती कधी दिसली नाही.

रात्री आयोजकाचा तोच माणूस दोघातिघांना गाठून सांगत होता की माणशी 1,000 रुपये रोख दिलेत तर पकडलेला किंग कोब्रा जवळून दाखवतो, फोटोही काढता येईल. कृपा करून असल्या गोष्टीला कधीही होकार देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली हा साप आता पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, डांबून ठेवणं, त्याचा खेळ करणं हा गंभीर गुन्हा आहे. आम्ही त्याला चारचौघांत जाब विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी "डिझेल भरून येतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याचा आणि आयोजकाचा, दोघांचेही फोन बंद.

यजमानांचे राहिलेले पैसे आम्ही वर्गणी काढून दिले, बावीस जणांच्या हिशोबाने. ते घेत नव्हते. वहिनीने अम्मांच्या हातात ठेवले तेव्हा घेतले.

परतीच्या तिकिटांचा प्रकार तर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. आमच्याकडे पीडीएफमध्ये "कन्फर्म" लिहिलेली, डबा-बर्थ घातलेली यादी होती. रेल्वेच्या 139 क्रमांकावर पीएनआर तपासला तर सगळी प्रतीक्षायादी. ई-तिकीट पूर्ण प्रतीक्षायादीत राहिलं तर चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून काढलं त्याच खात्यात परत जातात. म्हणजे आमच्या तिकिटाचे पैसेही फिरून त्याच्याकडेच. कुणी रात्रीच्या बसने, कुणी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने उभ्याने, असे आम्ही घरी पोहोचलो. साठी ओलांडलेल्या चौघांचे जे हाल झाले ते आठवलं तरी जीव तुटतो.

घरी आल्यावर पावती काढून बसले. त्यावर जीएसटी लावलेला होता आणि 27 पासून सुरू होणारा पंधरा अक्षरांचा क्रमांकही होता. 27 म्हणजे महाराष्ट्र, इथवर ठीक. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही क्रमांक तपासता येतो. तो टाकला तर एका प्लायवुडच्या दुकानाचा निघाला, आणि ती नोंदणीही रद्द झालेली. पैसे आम्ही ज्या यूपीआयवर पाठवले ते एका बाईंच्या वैयक्तिक बचत खात्याचं होतं.

फोन लागला तेव्हा आयोजकाने आधी सगळं यजमानांवर ढकललं. "गावातली माणसं अशीच असतात हो ताई, जास्तीचे पैसे उकळायला बघतात." यजमानांना पाठवलेला मेसेज माझ्याकडे आहे म्हटल्यावर सूर बदलला, पुढच्या सहलीत सवलत देतो म्हणाला. नंतर अर्धे पैसे देतो, पण तक्रार मागे घ्या, असं लेखी मागितलं. आमच्यातल्या दोघांनी कंटाळून ते घेतले. त्यांना मी दोष देत नाही. बाकीच्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली, मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज दिला आहे. तिथे सुरुवातीला "हा दिवाणी मामला आहे" म्हणून टोलवाटोलवी झाली. खोटा जीएसटी क्रमांक आणि खोटी तिकिटं पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला.

आता तेच पत्रक, तोच बेडूक, वायनाडच्या नावाने फिरतंय. सुपारीच्या जागी कॉफी आणि मिरी आली आहे, निधी आदिवासी पाड्याच्या नावाने आहे.

अशा सहलीचे पैसे भरण्याआधी ज्या घरी उतरणार त्या घराचा नंबर मागा आणि स्वतः फोन करा: किती जण येणार म्हणून सांगितलंय, किती पैसे ठरलेत, आगाऊ किती मिळाले. कानडी-मल्याळी येत नसेल तर ओळखीत कुणी ना कुणी निघतंच. नंबर द्यायला नकार मिळाला तर तिथेच थांबा, मग कारण कितीही गोड असो. शाळेला किंवा गावाला द्यायचं असेल ते स्वतः तिथे जाऊन द्या. जंगलाची परवानगी तुमच्या नावाची मागा, आणि तिकिटाची यादी नको, पीएनआर मागा.

वायनाडच्या तुकडीसाठी ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी आजच ग्रुपमधलं सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण आमचा ग्रुप त्याने एका रात्रीत पुसून टाकला होता. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पत्रक, पावती यांचे स्क्रीनशॉट वेगळे जपा. नुकतेच पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेलाही लेखी कळवा. तिथल्या यजमानांचा पत्ता लागला तर त्यांनाही विचारा, त्यांचेही पैसे अडकलेले असण्याची शक्यता आहे. आगुंब्याच्या यजमानांनी आमच्या तक्रारीसोबत जोडायला त्यांचे मेसेज दिले आहेत, आणि आधीच्या तुकडीची त्यांची थकबाकीही आम्ही त्या अर्जात लिहिली आहे.