शाळेच्या वार्षिक देणगी मोहिमेसाठी घेतलेली सेवा : दोन वर्षांचा अनुभव

आमची शाळा पुण्याच्या पेठ भागातली, मराठी माध्यमाची आणि अनुदानित. तिच्या माजी विद्यार्थी संघाचा कोषाध्यक्ष या नात्याने, देणगी मोहिमेची व्यवस्था पाहणाऱ्या शहरातल्याच एका छोट्या कंपनीशी एप्रिल २०२३ मध्ये मी करार केला. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन आर्थिक वर्षे आता पूर्ण झाली आहेत आणि तिसऱ्या वर्षाच्या कराराचा मसुदा समोर आहे. त्यामुळे या सेवेविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव देत नाही, कारण खाली सांगितलेल्या उणिवांपैकी बऱ्याच तिने दुरुस्त केल्या आहेत, आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या दुसऱ्या शाळेला नावापेक्षा काय तपासून घ्यावे याचाच अधिक उपयोग होईल.

माजी विद्यार्थ्यांची यादी सांभाळणारी संगणक प्रणाली, ऑनलाइन देणगीचे पान, पावत्या व करविषयक प्रमाणपत्रे, आणि पत्रे-संदेश पाठवण्याचे वेळापत्रक एवढे करारात होते. वार्षिक शुल्क ९०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,०६,२०० रुपये. आमच्यासारख्या संस्थेला हा जीएसटी कुठेही वळता करून घेता येत नाही, म्हणून दरपत्रक वाचताना तो खर्चातच धरावा.

मोहीम वार्षिक का ठेवली, हे आधी सांगायला हवे. अनुदानित शाळेला मंजूर पदांचे वेतन शासनाकडून मिळते. पण प्रयोगशाळेतली रसायने, वीजबिल, स्वच्छतागृहांची निगा यांसाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते. पंतप्रधान पोषण योजनेतले जेवण आठवीपर्यंतच आहे. नववीत गेल्यावर मुलाची भूक कमी होत नाही, उलट वाढते, आणि आमच्या शाळेतली पुष्कळ मुले सकाळी चहावर घराबाहेर पडतात. म्हणून नववी-दहावीचा अल्पोपाहार आणि प्रयोगशाळा असे दोनच हेतू आम्ही ठरवले. हे खर्च दर जूनमध्ये नव्याने उभे राहतात. इमारतीसाठी एखादा मोठा दाता मिळतो, समारंभ होतो, कोनशिला बसते. पोहे आणि उसळ यांच्यासाठी मात्र दर वर्षी पुन्हा देणारी बरीच माणसे लागतात. त्यामुळे अशा सेवेचे मोल पहिल्या वर्षी किती जमले यावरून ठरवता येत नाही; पहिल्या वर्षी दिलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा दिले, यावरूनच ते ठरते. कंपनीच्या मासिक अहवालात ‘एकूण जमा’ ठळक अक्षरांत असे आणि हा दुसरा आकडा कुठेच नसे. माझ्या मते या सेवेतला मूळ दोष हाच होता आणि बाकीचे बहुतेक दोष त्यातूनच निघाले.

पहिले काम यादीचे. शाळेच्या जनरल रजिस्टरांवरून दहावीच्या वर्षानुसार नावे उतरवून घेण्याचे काम कंपनीच्या दोन मुलींनी दीड महिना शाळेच्या कार्यालयात बसून केले, आणि ते त्यांनी अतिशय नीट केले. जुन्या रजिस्टरांतले फिकट अक्षर, एकाच वर्गातली दोन-दोन सारखी नावे, मध्येच शाळा सोडून गेलेले विद्यार्थी हे सारे त्यांनी लिपिकांना विचारून तपासले. परंतु प्रणालीत नावासाठी एकच रकाना होता. मुलींची नावे रजिस्टरात माहेरची, बँकेत आणि पॅनवर बहुधा सासरची. त्यामुळे ज्या माजी विद्यार्थिनींनी देणगी दिली, त्यांची नोंद ‘नवीन देणगीदार’ म्हणून वेगळी पडली आणि त्यांच्या मूळ नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असे राहिले. परिणामी ज्या बाईंनी ऑक्टोबरात पैसे पाठवले त्यांनाच मार्चपर्यंत तीन स्मरणपत्रे गेली. अशा एका माजी विद्यार्थिनीने मला फोन करून विचारले, ‘‘अहो, दिले ते पोचले नाहीत की तुम्ही पाहिलेच नाहीत?’’ मला उत्तर देता आले नाही. महाराष्ट्रातल्या शाळेसाठी प्रणाली बनवणाऱ्याने माहेरचे नाव, सध्याचे नाव आणि पॅनवरचे नाव असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवायला हवेत. दुसऱ्या वर्षी कंपनीने ते केले, त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करतो.

वेळापत्रकाबाबत आमचा मोठा मतभेद झाला. कंपनीच्या तयार आराखड्यात मुख्य आवाहन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होते. अमेरिकेत ते योग्य असेल, कारण तिथल्या बहुतेकांचे करवर्ष डिसेंबरअखेर संपते. आपले वर्ष ३१ मार्चला संपते आणि आपला हात सैल होतो तो दिवाळीत. पुण्यात हे नव्याने शोधायचीही गरज नाही. हिंगण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी हे आपल्याच शहरातले उदाहरण आहे : सण वर्षातून एकदा येतो, त्या निमित्ताने सेवक घरोघर जातात, रक्कम लहान असली तरी तिची पावती फाडली जाते, आणि देणाऱ्याला ती शिकणाऱ्या बहिणीला घातलेली ओवाळणी वाटते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामजोशींनी संस्थानिकांकडे जाऊन तिच्यासाठी आणलेल्या देणग्यांचे मोल मोठेच आहे, आणि कर्व्यांच्या महिला विद्यापीठालाही उद्योगपती ठाकरसींची १५ लाखांची देणगी लाभली. पण दर वर्षीच्या खर्चाला आधार देण्याची रीत शिकायची असेल तर ती भाऊबीज निधीकडूनच शिकावी. आम्ही मुख्य आवाहन वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत आणि स्मरणपत्र मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणले. कंपनीने सुरुवातीला नाखुशी दाखवली, नंतर मान्य केले.

पत्राचा मसुदाही आम्हाला बदलावा लागला. ‘आपल्या उदार योगदानाने एका बालकाचे भविष्य घडवा’ अशा वाक्यांनी भरलेले ते पत्र कोणत्याही शाळेचे असू शकले असते. आमच्या निवृत्त मराठीच्या बाईंनी ते पुन्हा लिहिले. त्यात त्यांनी प्रयोगशाळेतल्या लाकडी टेबलांचा, मधल्या सुट्टीतल्या नळावरच्या रांगेचा उल्लेख केला, एका मुलाच्या वर्षभराच्या अल्पोपाहाराला किती खर्च येतो तो आकडा दिला, आणि ‘डोनेशन’ हा शब्द एकदाही वापरला नाही. तो शब्द पालकांच्या मनात प्रवेशाच्या वेळी हळूच मागितल्या जाणाऱ्या रकमेशी जोडला गेला आहे, आणि अशी रक्कम घेणे महाराष्ट्राच्या १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने निषिद्ध आहे. कंपनीने सध्याच्या पालकांचे क्रमांकही यादीत घ्यावेत असे सुचवले होते, कारण ती यादी शाळेकडे आयतीच होती. आम्ही स्पष्ट नकार दिला. ज्याचे मूल आज आपल्या वर्गात बसले आहे, त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक खऱ्या अर्थाने नसते.

आता पावत्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण इथे सर्वाधिक मनस्ताप झाला. पहिल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात कंपनीने सभागृहाच्या दारात यूपीआयचा क्यूआर फलक लावला. लोकांनी भराभर पैसे पाठवले, संध्याकाळी आम्हाला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बँकेचे विवरण पाहिले तर रकमेपुढे कुठे अर्धवट नाव, कुठे नुसता यूपीआय आयडी; पत्ता नाही, पॅन नाही. आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थेला त्या वर्षांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावा लागे. त्यानंतरच देणगीदाराला फॉर्म १०बीईचे प्रमाणपत्र मिळे. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क पडे. शिवाय नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी ठरते आणि ठरावीक मर्यादेपुढच्या निनावी रकमेवर ३० टक्के दराने कर लागतो. हे सगळे कंपनीला ठाऊक असणे हाच तर तिच्या शुल्काचा आधार होता. त्या एका संध्याकाळच्या देणग्यांची माणसे शोधण्यासाठी आम्ही संघाचे सहा जण पुढे दोन महिने फोन करत होतो, आणि काही रकमांचे दाते शेवटपर्यंत सापडले नाहीत. दुसऱ्या वर्षी फलकावरचा कोड थेट पैशांकडे न नेता आधी छोट्या अर्जाकडे नेतो आणि नाव, पत्ता, पॅन भरल्यावरच रक्कम टाकता येते. मेळाव्यातली गर्दी थोडी खोळंबली, पण २०२४-२५ चा फॉर्म १०बीडी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच भरून झाला. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०-जीची सवलत मिळत नाही, ही सूचनाही आता अर्जावर मराठीत आहे.

करसवलतीचे आमिष पत्रात फार पुढे आणू नये, असेही माझे मत झाले आहे. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ८०-जीची वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. ज्याला सवलत घ्यायची आहे तो विचारतोच.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत तर कंपनी पूर्ण अनभिज्ञ होती. देणगीच्या पानावर परदेशी कार्डही चालत होते. आमच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी स्वीकारण्यासाठी लागणारी नोंदणी, नाही. भारतीय नागरिक परदेशात राहत असला आणि आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठवत असला, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी विदेशी ठरते आणि नोंदणीशिवाय ती स्वीकारता येत नाही. १९८० च्या दशकातल्या आमच्या तुकड्यांतले कितीतरी जण आता त्या दुसऱ्या गटात आहेत. त्यांतल्या एकाने पाठवलेली रक्कम आम्हाला परत करावी लागली, तेव्हा त्याला वाईट वाटले आणि आम्हालाही. अर्जावर नागरिकत्वाचा एक प्रश्न ठेवला असता तर हा प्रसंग टळला असता. तो प्रश्न आता आहे.

लहान गोष्टींपैकी दोन सांगतो. पानावर ५००, १,०००, २,००० असे तयार आकडे होते. आमच्या सांगण्यावरून ते ५०१, १,००१, २,००१ केले, आणि ज्येष्ठ मंडळींना ते लगेच आपले वाटले. यूपीआय ऑटोपेने दरमहा देण्याची सोय तरुण तुकड्यांत चांगली रुजली, मात्र एखाद्याचा हप्ता थांबला की कंपनीकडून आम्हाला काहीही कळत नसे. ही तक्रार अजून पुरती मिटलेली नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मी स्वतः दोन्ही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या. पहिल्या वर्षी दिलेल्या दर दहा जणांतल्या जेमतेम चार जणांनी तोवर पुन्हा दिले होते. राहिलेल्यांना कंपनीच्या व्यवस्थेतून संदेशांवर संदेश गेले होते, पण पहिल्या देणगीचे काय झाले हे एकाही संदेशात नव्हते. मग प्रत्येक तुकडीच्या प्रतिनिधीला त्याच्या वर्गातल्या मंडळींची नावे दिली, सोबत अल्पोपाहाराच्या खर्चाचा एक पानाचा हिशेब दिला, आणि फोन करायला सांगितले. पैसे मागायचे नाहीत, हिशेब सांगायचा, एवढीच सूचना होती. मार्चअखेर ते प्रमाण दहांत सहाच्या जवळ आले. एका सरांनी, म्हणजे आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने जो आता दुसऱ्या शाळेत शिकवतो, फोनवर सांगितले की मागच्या वर्षी आलेले आभारपत्र त्याला बँकेच्या संदेशासारखे वाटले होते.

यादी, पावत्या आणि प्रमाणपत्रे यांसाठी ही सेवा मी इतर शाळांना सुचवीन. हे काम संघाच्या चार-सहा जणांच्या हातून इतके बिनचूक होत नाही, आणि झालेली चूक निस्तरणे या सेवेहून महाग पडते. आवाहन आणि आभार यांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. तिसऱ्या वर्षाचा करार आम्ही करतो आहोत, पण संदेश-सेवेचा भाग वगळून आणि शुल्क त्या प्रमाणात कमी करून घेऊन. पुन्हा देणाऱ्यांचे प्रमाण दरमहा अहवालाच्या पहिल्या पानावर असावे आणि करार संपल्यास संपूर्ण यादी आमच्या ताब्यात यावी, अशी दोन कलमे नव्याने घातली आहेत. पहिल्या वर्षी दिले आणि दुसऱ्या वर्षी राहून गेले अशांची नावे दहावीच्या वर्षाप्रमाणे लावून तुकडीप्रतिनिधींकडे पोचली आहेत. येत्या भाऊबीजेआधी प्रत्येकाला एक फोन जायचा आहे.