आठचं मॅगझिन की बाराचं? .३२ पिस्तूल घेण्याआधी

माझ्या भाच्याचं नागपूरच्या इतवारीत सोन्याचं दुकान आहे. पोलीस आयुक्तालयातून परवाना मिळाला, त्याच संध्याकाळी तो घरी आला. त्याच्यासमोर दोन पिस्तुलं होती, दोन्ही .३२ चीच (हे नळीचं माप, इंचात). एक इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'अशनी', मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, ८ काडतुसं. दुसरं एका परवानाधारकानं विकायला काढलेलं जुनं बेरेटा मॉडेल ८१, त्यात १२. मी अशनीकडे झुकतोय हे पाहून तो म्हणाला, "मामा, चार गोळ्या जास्त भेटून राहिल्या, तरी तुम्ही आठवालंच का म्हणून राहिले?"

प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न पडलेले आणखीही बरेच जण असतील, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. १७ गोळ्यांची ग्लॉक वगैरे जी पिस्तुलं आपण बघतो ती ९ मिमीची. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ९ मिमी मिळत नाही, तो निषिद्ध बोअर आहे, म्हणजे नागरिकाला मनाई असलेलं नळीचं माप. आपली निवड बहुतेक वेळा .३२ मध्येच करायची असते, आणि या काडतुसाचा स्वतःचा एक स्वभाव आहे.

.३२ चं काडतूस हातात घेऊन बुडाकडून नख फिरवा. बुडाची कडा बाजूच्या भिंतीपेक्षा किंचित बाहेर आलेली लागते. व्यासात फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची ही कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. ती मागे गेली की स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) वरचं काडतूस पुढे ढकलते आणि ते खालच्याच्या कडेत अडकून बसतं. मग स्लाइड कितीही मागे ओढा, फायदा नाही. मॅगझिन बाहेर काढून रिकामंच करावं लागतं. काडतुसं जितकी जास्त आणि मॅगझिनमध्ये हलायला जागा जितकी मोकळी, तितकी हा घोळ होण्याची संधी जास्त.

आता रचना बघा. अशनीचं मॅगझिन एकेरी रांगेचं आहे. काडतूस सरळ वर येतं आणि स्लाइडसमोर उभं राहतं. बेरेटाचं दुहेरी रांगेचं. काडतुसं डावी-उजवी रचलेली असतात आणि वर येताना एकमेकांना व बाजूच्या पत्र्याला घासत येतात. म्हणून काडतुसं खालून वर रेटणाऱ्या मॅगझिनच्या स्प्रिंगला जास्त काम पडतं. मॅगझिन गच्च भरलेलं असताना वरचं काडतूस स्लाइडला खालून जोरात रेटतं, आणि शेवटचं एक-दोन उरलं की स्प्रिंग सैल पडलेली असते. अडचणी बहुतेक या दोन टोकांनाच येतात, पहिल्या गोळीला नाहीतर शेवटच्या. याचा अर्थ दुहेरी रांग वाईट असा मुळीच नाही. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरनं १३ गोळ्यांचं दुहेरी मॅगझिन जगभरच्या सैन्यांत चालवून दाखवलं. बेरेटाही नवं असताना उत्तम पिस्तूल. माझा मुद्दा त्याच्या आजच्या मॅगझिनचा आहे.

कारण ते मॅगझिन चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं असणार. अशा पिस्तुलांबरोबर बहुधा एकच मूळ मॅगझिन येतं, आणि दुसरं मूळ मिळवणं फार अवघड. इकडे-तिकडे बनवलेलं लावू नका. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत सुटे भागही शस्त्रातच मोडतात, तेव्हा घ्यायचं ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणि पावतीसह.

हे सगळं मी भोगून शिकलो. माझ्याकडेही एकेकाळी जुनं परदेशी पिस्तूल होतं, दुहेरी मॅगझिनचं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेलं ते परत आलं, पावसाळा निघून गेला, आणि मी ते न उघडता नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिसरी गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर. मॅगझिन काढून उन्हात धरलं तर वरचे दोन्ही ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, सारखे नव्हते. डावा केसभर उघडला होता आणि आतल्या पत्र्यावर तांबूस पूड बसली होती. ओठांमधून काडतूस बोटानं पुढे सरकवून पाहिलं, ते डावीकडे मान टाकत होतं. हे मी घरी दोन मिनिटांत पाहू शकलो असतो. त्या दिवसापासून पिस्तुलाआधी मॅगझिन बघायची सवय लागली.

खरं वजन मात्र यापुढच्या मुद्द्याला आहे. विश्वास ठेवायचा तर मॅगझिन पारखावं लागतं आणि पारखायला काडतुसं लागतात. आपल्याकडे एका वेळी किती नि वर्षाला किती काडतुसं घेता येतील, याचे आकडे परवान्यावरच असतात. माझा हिशोब असा: प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून पाच वेळा न अडकता रिकामं झालं पाहिजे. आठच्या दोन मॅगझिनांना ८० काडतुसं लागतील, बाराच्या दोनांना १२०. मध्ये एकदा अडकलं की कारण शोधून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या कोट्यात हे बसत नाही, त्याच्याकडे बारा गोळ्यांचं न पारखलेलं मॅगझिन राहतं. दुकान बंद करून रात्री निघताना असलं मॅगझिन कमरेला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग जास्त गोळ्यांचा काहीच फायदा नाही का? आहे. रोकड घेऊन जाणाऱ्या गाडीवरचा रखवालदार, ज्याला मॅगझिन बदलायला उसंत मिळणार नाही, त्याला बारा हवेतच, आणि त्याला सरावाची सोयही हवी. दुकानदारासाठी मला आठची दोन मॅगझिनं जास्त पटतात. आकडा सोळावर जातोच, शिवाय बिघाड मॅगझिनचा असेल तर सगळ्यात जलद उपाय म्हणजे ते टाकून दुसरं लावणं. एकाच बाराच्या मॅगझिनवर विसंबणाऱ्याकडे हा उपाय नसतो.

रिव्हॉल्व्हरचंही त्यानं विचारलं. त्यात ६, मॅगझिनची भानगडच नाही, एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा. ज्याला वर्षातून एकदाही रेंजवर जाणं जमणार नाही त्यानं सरळ तेच घ्यावं.

आपल्या हवेचंही ध्यानात ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, धूळ सगळीकडे शिरते. मॅगझिनच्या आत तेल ओतलं तर त्या धुळीचा चिखल होतो आणि काडतुसं वर यायला कुरकुरतात. आतून कोरडं पुसायचं, पावसाळ्याआधी तेलाचं फडकं फक्त बाहेरून फिरवायचं. स्प्रिंग भरून ठेवल्यानं मरते अशी समजूत आहे; चांगली स्प्रिंग झिजते ती मुख्यतः वारंवार दाबल्या-सुटल्यानं आणि मर्यादेबाहेर दाबल्यानं. म्हणून पारख झाल्यावर रोजच्या वापरात शेवटचं काडतूस अंगठ्यानं बळेच कोंबू नये, एक कमी भरावं. म्हणजे आठचे सात, बाराचे अकरा. घरात ठेवताना मात्र मॅगझिन वेगळं, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामा आणि पिस्तूल-मॅगझिन दोन्ही कुलपात.

भाच्यानं शेवटी अशनी घेतलं, विक्रेत्याकडून दुसरं मॅगझिनही. दोन्हींच्या तळाला त्याच्या बायकोच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, एकाला एक, दुसऱ्याला दोन. पहिल्याच फेरीत दोन ठिपकेवालं शेवटच्या गोळीला दोनदा अडकलं, एक ठिपकेवालं एकदाही नाही. दोष पिस्तुलात नसून मॅगझिनमध्ये आहे हे तिथल्या तिथे कळलं. ते बदलून आणलंय, आणि येत्या रविवारी त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल.