आधी 'रेड ड्रॅगन' की थेट 'सायलेन्स ऑफ द लँब्ज'?

सिरियल किलरच्या कादंबऱ्यांची चटक नेमकी कशामुळे लागते ते बघायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला मी थॉमस हॅरिसचं नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न येतोच: यातलं आधी कुठलं? १९८१ चं 'रेड ड्रॅगन' की १९८८ चं 'द सायलेन्स ऑफ द लँब्ज'?

वरवर पाहिलं तर दोन्हींचा सांगाडा एकच. एफबीआयचा जॅक क्रॉफर्ड, क्वांटिकोतली एफबीआयची प्रशिक्षण अकादमी, मोकाट सुटलेला खुनी, हातातून निसटत चाललेला वेळ आणि बाल्टिमोरच्या मनोरुग्णालयात गजाआड बसलेला डॉ. हॅनिबल लेक्टर. बाहेरचा खुनी पकडायला आतल्या खुन्याची मदत घ्यायची. हॅरिसने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी गुन्हेगारीच्या बातम्या केल्या होत्या, त्यामुळे पोलिसी कामाचा कंटाळवाणा भागही त्याला कागदावर जिवंत करता येतो. ठसे, फोन, प्रयोगशाळेची वाट बघणं, वरिष्ठांचं राजकारण, सगळंच.

पण वाचताना दोन्हींची चव अगदी वेगळी लागते.

'रेड ड्रॅगन'मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगळ्या शहरांतली दोन अख्खी कुटुंबं राहत्या घरात मारली जातात, दोन्ही वेळा पौर्णिमेच्या सुमारास. पुढच्या पौर्णिमेआधी खुनी सापडला नाही तर तिसरं घर. नोकरी सोडून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बायको आणि सावत्र मुलासोबत राहणाऱ्या विल ग्रॅहमला क्रॉफर्ड पुन्हा यात ओढतो. ग्रॅहमची खासियत म्हणजे त्याला खुन्यासारखा विचार करता येतो. हीच त्याची व्याधीही आहे. रिकाम्या घरात तो एकटाच फिरतो, रक्ताचे डाग बघत एकेक खोली पार करतो, आणि आपल्याला खुन्यापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटू लागते.

पुण्यात ज्यांनी १९७६-७७ चे दिवस पाहिलेत त्यांना हे पुस्तक जड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातले मारेकरी टोळीने, लुटीसाठी घरात शिरायचे. या पुस्तकातल्या खुन्याचं, फ्रान्सिस डॉलरहाइडचं, डोकं वेगळ्याच वाटेने चालतं. पण संध्याकाळी दाराची कडी दोनदा तपासायला लावणारी भीती तीच.

डॉलरहाइडचं नाव सांगून मी रहस्य फोडलं असं वाटेल. तसं नाही. खुनी कोण हे लेखक स्वतःच बऱ्यापैकी लवकर सांगून टाकतो आणि मग त्याच्या घरात, त्याच्या बालपणात आपल्याला नेऊन बसवतो. दुभंगलेल्या ओठामुळे 'स'चा उच्चार टाळत बोलणारा, आजीच्या धाकात वाढलेला हा माणूस. मधल्या भागात तो एका अंध सहकारी तरुणीला वाघाजवळ घेऊन जातो. दाताच्या उपचारासाठी बेशुद्ध केलेल्या त्या जनावराच्या अंगावरून ती हात फिरवते, स्टेथोस्कोप लावून त्याच्या काळजाचे ठोके ऐकते, आणि तो बाजूला उभा राहून बघत असतो. खुनाचा मागमूसही नसलेलं हे प्रकरण माझ्या मते हॅरिसने लिहिलेलं सर्वोत्तम आहे. या माणसाने काय केलंय हे पक्कं ठाऊक असतानाही इथे आपण क्षणभर त्याच्या बाजूचे होतो, आणि मग स्वतःचाच राग येतो. अशा कादंबरीचं आकर्षण कशात असतं असं विचाराल तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवेन.

'सायलेन्स'मध्ये खुन्याला एवढी जागा नाही. तिथली माया सगळी क्लॅरिस स्टार्लिंगच्या वाट्याला येते. अजून प्रशिक्षणार्थी असलेली, बाप लहानपणीच गमावलेली, गरिबीतून वर आलेली मुलगी. एफबीआयने बायकांना एजंट म्हणून घ्यायला सुरुवात केली १९७२ साली, म्हणजे ही पिढी तशी नवीच. वेस्ट व्हर्जिनियात नदीतून काढलेलं प्रेत तपासायचं असतं आणि खोलीत स्थानिक पोलिसांची गर्दी झालेली असते. क्लॅरिस आवाज चढवत नाही. आपल्या गावाकडच्या हेलात ती सांगते, तुम्ही हिला इथवर आणलंत, हिच्या घरच्यांनी तुमचे आभारच मानले असते, आता तुम्ही जा, पुढचं मी बघते. डोंगराळ गावात मयताला अंघोळ घालणाऱ्या बायकांचा वारसा त्या आवाजात आहे. पुरुष निमूट बाहेर जातात. मग ती मुलीची नखं बघते, तिहेरी टोचलेले कान बघते आणि ही मुलगी शहरातली असणार असा अंदाज बांधते.

लेक्टरसाठी वाचणार असाल तर मात्र प्रश्नच नाही, 'सायलेन्स' घ्या. 'रेड ड्रॅगन'मध्ये तो मोजक्याच प्रसंगांत डोकावतो. इथे तो प्रत्येक माहितीच्या बदल्यात क्लॅरिसकडून तिच्या आठवणी वसूल करतो, आणि ते सवाल-जवाब हाणामारीपेक्षा जास्त अंगावर येतात.

'पण मी सिनेमा पाहिलाय' ही अडचण बऱ्याच जणांची असते. १९९१ च्या त्या चित्रपटाने ऑस्करचे पाच मुख्य पुरस्कार नेले आणि पुस्तकाचा बराच भाग प्रामाणिकपणे उचलला. तरी क्रॉफर्डची मरणपंथाला लागलेली बायको चित्रपटात जवळजवळ गायबच आहे. पुस्तकात तो रात्रभर तिच्या उशाशी बसून सकाळी कामावर येतो. लेक्टरच्या डाव्या हाताचं सहावं बोटही पडद्यावर आलं नाही.

वय दोन्ही पुस्तकांना जाणवतं. मोबाइल नाहीत, डीएनएचा आधार नाही. 'रेड ड्रॅगन'मध्ये चावल्याच्या खुणांवरून दातांचा साचा बनवतात. अशा खुणांवरून माणूस ओळखण्यावर शास्त्रज्ञांचा आज फारसा भरवसा उरलेला नाही. 'सायलेन्स'मधल्या खुन्याच्या चित्रणावर लिंगबदल करू इच्छिणाऱ्यांची बदनामी केल्याचा आक्षेप आला. तो खऱ्या अर्थाने त्यांच्यातला नाही असं पुस्तक स्पष्ट म्हणतं, चित्रपटात ते निसटतं उरतं. तरीही आज वाचताना ती पानं खटकतात.

आता निर्णय. क्रम बदलला तर एक नुकसान ठरलेलं: ग्रॅहमचं पुढे काय झालं हे 'सायलेन्स'मध्ये एका वाक्यात सांगून टाकलंय. म्हणून दोन्ही वाचायचीच असतील तर 'रेड ड्रॅगन' आधी. एकच वाचायचं असेल आणि सिनेमा पाहिलेला असेल तरीही तेच. सिनेमा पाहिला नसेल, हा प्रकार पहिल्यांदाच हातात घेत असाल आणि घरात लहान मुलं असतील, तर 'सायलेन्स'. 'रेड ड्रॅगन'मध्ये पोरंबाळंही मरतात, आणि ते वर्णन हॅरिस फार संयमाने करतो, त्यामुळेच ते डोक्यातून जात नाही. 'सायलेन्स'ची बांधणीही जास्त घट्ट आहे. दोन-तीन रात्रींत सहज संपावं असं.

१९९९ चं 'हॅनिबल' कुणी भेट दिलं तर घ्या, पण त्यासाठी पैसे घालवू नका. तिथे लेक्टर गजाआड नाही, आणि त्याची निम्मी भीती त्या गजांमुळेच होती.