गिम्प की क्रिटा? फोटो आणि चित्र, दोन वेगळी कामं

फोटो दुरुस्त करायचं गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर अवघड आहे ही तक्रार जुनी आहे आणि निम्मी खरीही आहे. २०१२ च्या २.८ आवृत्तीत सगळ्या सुट्या खिडक्या एकत्र करता येऊ लागल्या, मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० ने बरंच काही सुधारलं. तरी नवखा माणूस अजून अडतो तो अल्फा चॅनल (पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग), लेयरच्या (एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) कडा आणि सेव्ह या तीन ठिकाणी. क्रिटा या चित्र काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दोन अडचणी येत नाहीत. म्हणून फोटोसाठी क्रिटाच घ्यावं असं मात्र नाही.

पार्श्वभूमी काढण्याचं साधं काम घ्या. गिम्पमध्ये जेपीजी उघडली, ‘यू’ दाबून फझी सिलेक्टने (सारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं टूल) मागचा भाग निवडला आणि डिलीट दाबलं, की पारदर्शकता दाखवणारे करडे चौकोन दिसायच्या ऐवजी पांढरा किंवा दुसराच एखादा रंग भरला जातो. जेपीजीतून आलेल्या लेयरला अल्फा चॅनल नसतो, त्यामुळे गिम्प तिथे बॅकग्राउंडचा रंग ओततं. लेयरच्या यादीत नाव ठळक अक्षरांत दिसलं तर अल्फा नाही असं समजा. लेयर → ट्रान्स्परन्सी → अ‍ॅड अल्फा चॅनल, आणि मग डिलीट. ही खूण माहीत नसेल तर तासभर सहज जातो. क्रिटात प्रत्येक लेयरला पारदर्शकता असतेच, त्यामुळे डिलीट पहिल्याच फटक्यात लागू होतं.

कडांचंही तसंच. गिम्पमध्ये छोटं चित्र लेयर म्हणून पेस्ट केलं तर तुटक रेषेच्या चौकटीबाहेर ब्रश चालत नाही. लेयर → लेयर टू इमेज साइज केलं की चालतो, ३.० मध्ये ब्रशच्या पर्यायांत ‘एक्स्पांड लेयर्स’ वर खूण केली तर लेयर आपोआप वाढतो. क्रिटात लेयरला अशी कुंपणं नाहीत.

पण डाग काढणं, माणसाची आकृती नीट कापणं, फोटोतला एखादा कोपरा दुरुस्त करणं ही रोजची कामं असतील तर गिम्पच घ्या. हील टूल (‘एच’ दाबा, कंट्रोल धरून चांगल्या जागी क्लिक करा, मग डागावर फिरवा), फोरग्राउंड सिलेक्ट (पुढची आकृती वेगळी निवडणारं) आणि पाथ्स (कडेकडेने रेघ आखून निवड करणारं) यांच्यावर हात बसला की काम भराभर होतं. क्रिटात स्मार्ट पॅच टूल आहे, छोट्या डागाला पुरतं. मोठा भाग रंगवला की वेळ खातं आणि काय भरेल ते आपल्या हातात राहत नाही.

चित्र काढायचं असेल तर निवड सोपी, क्रिटा. उजवं क्लिक केलं की कर्सरभोवती ब्रश आणि रंगांचं चक्र उघडतं, शिफ्ट धरून ओढलं की ब्रशचा आकार बदलतो, थरथरत्या हातासाठी स्टॅबिलायझर आहे. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये (छापखान्याच्या चार शाईंच्या रंगांत) थेट फाइल सुरू करता येते. गिम्पचं काम आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) चालतं. छपाईत रंग कसे दिसतील याचा अंदाज मात्र पडद्यावर घेता येतो.

अक्षरं टाकायची तर गिम्प पुढे. कॅनव्हासवरच टाइप करता येतं आणि देवनागरी जोडाक्षरंही नीट जुळतात. क्रिटात ५.२ पर्यंत मजकूर वेगळ्या खिडकीत लिहावा लागतो; पोस्टरभर मजकूर असेल तर वैताग येतो. लोगोसाठी दोन्ही सोडा, इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या) सॉफ्टवेअर घ्या.

सेव्हची गोष्ट नीट समजून घ्या. गिम्प ‘सेव्ह’ने फक्त एक्ससीएफ ही स्वतःची, लेयर जपणारी फाइल लिहितं, पीएनजी, जेपीजीसाठी शिफ्ट-कंट्रोल-ई म्हणजे एक्स्पोर्ट. लोक यावर चिडतात, पण त्यामुळेच लेयर शाबूत राहतात. क्रिटा ‘सेव्ह अ‍ॅज’मधून थेट पीएनजी करू देतं, लेयर सपाट होतील असा इशाराही देतं. घाईत तो झटकला की त्यानंतरचा प्रत्येक कंट्रोल-एस त्या सपाट पीएनजीवरच जातो. आधी केआरए ही क्रिटाची स्वतःची फाइल करा, मग एक्स्पोर्ट.

नंतर बदलता येणारे फिल्टर आता दोन्हीकडे आहेत. क्रिटात त्यासाठी फिल्टर लेयर, गिम्प ३.० मध्ये लेयरशेजारचं ‘एफएक्स’ चिन्ह. गिम्पच्या फिल्टर खिडकीत ‘मर्ज फिल्टर’ वर खूण राहिली तर बदल कायमचा बसतो, तेवढं बघा.

मेमरीचा हिशेबही करून ठेवा. ए-४ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. ८ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ३५ एमबी, १६ बिटमध्ये दुप्पट. ४ जीबीच्या मशीनवर तीस लेयरचं चित्र दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये रडतखडतच चालेल.

कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल गिम्प स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोबत टाकावं लागतं. आणि २.१० वर जुनी प्लगइन (वरून जोडलेली छोटी साधनं) चालवत असाल तर ३.० लगेच चढवू नका. पायथॉन २ वर लिहिलेली प्लगइन तिथे चालत नाहीत.