यलो गोल्ड सोयाबीन: दोन हंगाम पेरलं त्याचा अनुभव

राजेहो, जून लागला की बियाण्याचं विचारायला फोन सुरू होतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वावर दारव्हा तालुक्यातलं, कोरडवाहू, जमीन मध्यम ते भारी. वाण पीडीकेव्ही यलो गोल्ड म्हणजे एएमएस 1001, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं, अमरावतीच्या केंद्रावर तयार झालेलं.

आधी हे काहून घेतलं ते सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी एका कृषी केंद्रातून खाजगी कंपनीची बॅग आणली होती, दुकानदार म्हणे याच्यावर रोगच येत नाही, अन मी विचारलंच नाही की बाप्पा, कोणता रोग. ऑगस्टमध्ये वीसेक दिवस पाणी नाही अन शेंगा भरायच्या वेळी वावरात चट्टेच्या चट्टे सुकायला लागले. पानं वाळून झाडालाच लटकलेली, गळतही नव्हती. एक झाड उपटलं तं मुळाची साल हातात निघून आली, खोड ब्लेडनं उभं चिरलं तं आतून कोळशाची भुकटी लावल्यासारखे बारीक काळे ठिपके. हीच खोडकुज, चारकोल रॉट म्हणतात ते या कोळशावरूनच. ते ठिपके म्हणजे बुरशीच्या गाठी, पीक निघून गेलं तरी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहतात अन उन्हाचा अन पाण्याचा ताण बसला की मुळात शिरतात. त्या वर्षी एकरी 3 क्विंटलच पिकलं, सोंगणी अन थ्रेशरचेच पैसे जेमतेम निघाले.

मग यलो गोल्ड 4 एकर पेरलं अन धुऱ्याला लागून 1 एकर मुद्दाम घरचं जेएस 335, जबलपूरचं 1994 चं वाण, आपल्याकडं सगळ्यांच्या ओळखीचं. सप्टेंबरात दोन्हीकडं पिकाच्या एकेका ओळीत शंभर पावलं चालत जाऊन मेलेली झाडं मोजली. 335 मध्ये 41, यलो गोल्डमध्ये 12. मी दोनदा मोजलं कारण माझाच विश्वास बसत नव्हता, बायकोला पण मोजायला लावलं. दुसऱ्या वर्षी पाऊस बरा होता तेव्हा फरक कमी दिसला. उतारा पहिल्या वर्षी साडेसहा अन दुसऱ्या वर्षी आठ क्विंटल एकरी, 95 ते 100 दिवसात सोंगायला येतं म्हणून मागून हरभरा वेळेवर पेरता आला.

आता 12 झाडं तरी काहून मेली म्हणाल तं हे समजून घ्या. खोडकुजीला पूर्ण दाद न देणारं सोयाबीन अजून जगातच नाही, जे आहे ते अर्धंमुर्धं बळ, पुष्कळ जीननं (जनुकांनी) थोडंथोडं मिळून आलेलं. तांबेरा म्हणजे पानावर तांबूस पूड आणणारी बुरशी, त्याचं गणित वेगळं असते. आपण ज्याची चटणी खातो त्या जवसावरच्या तांबेऱ्यावर अमेरिकेत नॉर्थ डाकोटात फ्लोर नावाच्या शास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात काम केलं अन दाखवलं की पिकाच्या एका जीनला बुरशीचा एक जीन जुळलेला असते. म्हणजे एकच मोठा जीन रोग साफ रोखते, पण बुरशी बदलली की तेच वाण झोपते. अर्धंमुर्धं बळ असं एका वर्षात निघून जात नाही, मला तं तेच जास्त भरवशाचं वाटते.

म्हणून बॅग घेताना रोगाचं नाव घेऊनच विचारा. राहुरीचं फुले संगम तांबेऱ्यासाठी नावाजलेलं आहे, सांगली कोल्हापूरकडं तांबेरा जोरात येते तिथं ते कामाचं, पण माझ्या वावरात मुख्य दुखणं खोडकुजीचं आहे. अन पिवळा मोझॅक तं बुरशी नाहीच, पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू आहे, त्याच्यावर बुरशीनाशक फवारून पैसे घालवू नका, आमच्या गावात दरवर्षी कोणी ना कोणी घालवते.

वाण चांगलं असलं तरी बीजप्रक्रिया सोडू नका. मी कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक किलो बियाण्याला 3 ग्रॅम लावतो अन रायझोबियम हे जिवाणू खत पेरायच्या थोडं आधी. मानकुज वेगळी, ती रोपाच्या मानेशी पांढरे धागे अन मोहरीसारखे दाणे घेऊन येते, पाणी साचलं की जास्त, म्हणून रुंद वरंबा सरीवर पेरलं तं माझ्याकडं ती कमी झाली.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो बियाणं वेळेवर हातात पडत नाही म्हणून, मला दोन चकरा माराव्या लागल्या. पण एकदा आणलं की सोयाबीनचं परागीभवन आपल्या आपल्यातच होते, वाण शुद्ध राहते, घरचं बियाणं धरता येते. मी यंदा चट्ट्यांपासून लांबचा तुकडा वेगळा सोंगला, थ्रेशरचा स्पीड कमी ठेवला, 130 किलो काढून पोत्यात भरलं अन पोत्यावर पोतं न रचता लाकडी फळ्यांवर ठेवलं. मेमध्ये 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहीन, 70 च्या वर उगवले तं एकरी 30 किलोनं पेरायचं.